विमाधारक कामगार आणि परिचारिकेचा अधिकार

बंगळूर शहराच्या पश्चिमेस असलेले राजाजीनगर हे स्वातंत्र्याच्या सुमारास औद्योगिक उपनगर म्हणून वसविले गेले. प्रथम कारखाने आणि लहानमोठ्या यंत्रशाळा, त्यांच्या भोवती कामगारांची घरे, आणि या साऱ्यांच्या आजारपणाची तरतूद म्हणून कामगार राज्य विमा योजनेचे रुग्णालय, असा या वस्तीच्या वाढीचा क्रम आहे. मराठी वाचकाच्या परिचयाचे एक नावही या परिसराशी जोडलेले आहे. किर्लोस्करांनी १९४६ साली बंगळुरात स्थापन केलेल्या विद्युत्-यंत्रांच्या कंपनीची मोठी जमीन राजाजीनगर आणि मल्लेश्वरम यांच्या सीमेवर होती. त्या जमिनीवर आज निवासी मनोरे, पंचतारांकित हॉटेल, बाजारसंकुल आणि एक खासगी रुग्णालय उभे आहे. कारखान्याच्या जागी खासगी रुग्णालय यावे आणि कामगाराने मात्र विमा रुग्णालयाच्या रांगेत तिष्ठत राहावे, हे चित्र आजच्या अर्थव्यवहाराविषयी पुरेसे बोलके आहे. त्यावर अधिक भाष्य करण्याचे कारण नाही.

प्रश्न त्या रांगेचा आहे. पीण्याच्या औद्योगिक क्षेत्रातील खरादी आणि जोडारी, तयार कपड्यांच्या कारखान्यांत शिवणयंत्रावर दिवसभर वाकून बसणाऱ्या स्त्रिया, सुरक्षारक्षक, दुकानांतील नोकर, आणि या सर्वांचे वृद्ध आईबाप व मुले या रांगेत असतात. त्यांपैकी कोणीही येथे धर्मादाय उपचारांसाठी येत नाही. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने, जो २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने आपल्या पोटात घेतला, आजारपणातील उपचार हा कामगाराचा हक्क ठरविला, आणि त्या हक्काची किंमत कामगाराच्या वेतनातून दरमहा कापली जाते. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे ही योजना सुरू झाली. १९५४ साली ती मुंबईत आली आणि १९५८ साली बंगळुरात. १ जुलै २०१९ पासून वर्गणीचा एकूण दर वेतनाच्या साडेसहा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आणला गेला. या अडीच टक्क्यांच्या कपातीपैकी दीड टक्का मालकांच्या पदरात पडला आणि एक टक्का कामगारांच्या. कामगारांना सवलत दिल्याचा गाजावाजा झाला. परंतु ज्या निधीतून डॉक्टर, परिचारिका आणि औषधे यांचा खर्च भागवायचा, त्याचा ओघ कमी करून मालकांचा खर्च कमी केला गेला, ही त्या सवलतीची दुसरी बाजू होती.

राजाजीनगरचे हे रुग्णालय आज वैद्यकीय महाविद्यालयही आहे. २०१२ साली तेथे पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. दोन-अडीच वर्षे होत नाहीत तोच, २०१५ च्या आरंभी, वैद्यकीय शिक्षण हे आपले काम नव्हे असे सांगून महामंडळाने या क्षेत्रातून अंग काढून घेण्याचा निर्णय जाहीर केला. देशभरातील विद्यार्थी आणि पालक रस्त्यावर आले, आणि निर्णय मागे घेणे भाग पडले. महामंडळाच्या तिजोरीत हजारो कोटींचा राखीव निधी साठलेला असताना घडलेली ही गोष्ट आहे. कामगारांचा पैसा शिल्लक पडतो आणि कामगारांच्या रुग्णालयात माणसे अपुरी पडतात, या विसंगतीचे उत्तर अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडण्याजोगे नाही. ते सत्ताधारी वर्गाच्या अग्रक्रमांत शोधावे लागते.

याच पार्श्वभूमीवर गेल्या काही वर्षांत आपल्याकडे चर्चेत आलेल्या एका कल्पनेचा विचार पक्ष-सभासदांनी आणि कामगार संघटनांतील कार्यकर्त्यांनी केला पाहिजे. ती कल्पना म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर. या शब्दाला मराठीत अजून रुळलेला प्रतिशब्द नाही, आणि ओढूनताणून घडविलेल्या संस्कृत शब्दापेक्षा मूळ शब्दच बरा. परिचर्येची पदवी आणि प्रत्यक्ष सेवेचा अनुभव असलेली परिचारिका पुढील विशेष शिक्षण घेते आणि त्यानंतर रुग्णाची तपासणी करणे, आवश्यक त्या चाचण्या सांगणे, ठरलेल्या मर्यादेत निदान करून औषध देणे, आणि मर्यादेबाहेरचा रुग्ण वेळीच डॉक्टरकडे पाठविणे ही कामे स्वतःच्या जबाबदारीवर करते. अशा परिचारिकेला नर्स प्रॅक्टिशनर म्हणतात. अमेरिकेत १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने याचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला, तो गरीब वस्त्यांतील आणि ग्रामीण भागातील मुलांना डॉक्टर मिळत नाहीत म्हणून. आज त्या देशात अशा परिचारिकांची संख्या तीन लाखांहून अधिक आहे. ब्रिटनमध्ये २००६ सालापासून विशेष प्रशिक्षित परिचारिकांना आपल्या कार्यक्षेत्रातील जवळपास सर्व औषधे लिहून देण्याचा अधिकार मिळाला.

विमा दवाखान्यात येणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने याचा अर्थ काय? रक्तदाब किंवा मधुमेह असलेला चाळिशीतील जोडारी घेऊ. त्याचा आजार वर्षानुवर्षे सोबत राहणारा आहे. दर महिन्याला गोळ्या नेण्यासाठी त्याला दवाखान्यात यावे लागते, त्यासाठी अर्ध्या दिवसाची, बहुधा पूर्ण दिवसाची, मजुरी बुडते, आणि इतके करून डॉक्टरसमोर तो दोन मिनिटेही बसत नाही. त्या दोन मिनिटांत मागच्याच गोळ्या पुढे लिहिल्या जातात. त्याने मधले दहा दिवस गोळ्या का घेतल्या नाहीत, रात्रपाळीत जेवण कोणत्या वेळी होते, पायाला मुंग्या येतात का, तळव्यावरची जखम किती दिवसांची आहे, डोळ्यांची तपासणी शेवटची केव्हा झाली, हे विचारण्यास डॉक्टरला उसंत नसते. परिचारिकेला ते विचारण्याचे शिक्षण असते, परंतु उत्तर मिळाल्यावर काही करण्याचा अधिकार नसतो. गोळीची मात्रा बदलण्याची गरज तिला दिसते, पण ती बदलू शकत नाही. परिणामी तो कामगार काही वर्षांनी त्याच रुग्णालयात पाय कापून घेण्यासाठी किंवा पक्षाघाताने लुळा होऊन दाखल होतो. तेव्हा मात्र त्याच्यावर मोठा खर्च होतो, आणि विशेष उपचारांसाठी त्याला बाहेर धाडले तर त्या खर्चातला वाटा खासगी रुग्णालयांकडे जातो.

तयार कपड्यांच्या कारखान्यांतील स्त्रियांची स्थिती अधिक बिकट आहे. एप्रिल २०१६ मध्ये भविष्यनिर्वाह निधी काढण्यावर घातलेल्या निर्बंधांविरुद्ध बंगळुरातील याच स्त्रिया, कोणत्याही मोठ्या संघटनेने हाक दिलेली नसताना, हजारोंच्या संख्येने रस्त्यावर उतरल्या आणि दोन दिवसांत केंद्र सरकारला ते निर्बंध मागे घ्यावयास लावले. हा कामगारवर्ग असहाय नाही. परंतु रक्तक्षय, कंबरदुखी, लघवीच्या मार्गातील संसर्ग, पाळीचे विकार हे त्याचे रोजचे सोबती आहेत. यंत्रावरून उठून प्रसाधनगृहात गेल्यास उत्पादनाचा आकडा चुकतो, म्हणून पाणी कमी पिणारी स्त्री पुरुष डॉक्टरपुढे दोन मिनिटांत आपले दुखणे कसे सांगणार? एका जाणत्या परिचारिकेपुढे ती ते सांगते. त्या परिचारिकेच्या हाती तपासणीचा, औषधाचा आणि पुढे पाठविण्याचा अधिकार असेल तर ते सांगणे निष्फळ ठरणार नाही.

विमा योजनेत आणखी एक अडचण आहे, आणि तिचा उल्लेख या विषयावरील विद्वत्तापूर्ण लेखनात सहसा होत नाही. आजारी कामगाराला वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळण्याची तरतूद आहे. क्षयासारख्या दीर्घ आजारांच्या यादीतील रोगांसाठी ती मुदत आणि दर वाढतो. त्यासाठी विमा वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. म्हणजे डॉक्टर हा एकाच वेळी रोगावर इलाज करणारा आणि कामगार खरोखर आजारी आहे की नाही याचा निवाडा देणारा असतो. दवाखान्यातील डॉक्टरांचा केवढा तरी वेळ या दुसऱ्या कामात जातो, आणि रुग्ण व डॉक्टर यांच्यातील संबंधातही त्यामुळे संशयाचे विष कालवले जाते. दीर्घ आजारांच्या नियमित देखरेखीचे काम प्रशिक्षित परिचारिकांकडे आले, तर निदान उपचारांचा भाग या संशयापासून मोकळा होईल.

परिचारिकांच्या हाती असा अधिकार दिल्यास रुग्णांचे हित धोक्यात येते काय, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर भावनेने देऊन चालणार नाही. प्राथमिक आरोग्यसेवेत डॉक्टरांऐवजी परिचारिकांनी उपचार केल्यास काय घडते याविषयीच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१८ साली अद्ययावत केला. योग्य शिक्षण घेतलेल्या परिचारिकांच्या हाताखाली रुग्णांचे आरोग्य डॉक्टरांच्या रुग्णांइतकेच, काही बाबतींत किंचित अधिक, चांगले राहते. त्या रुग्णाला अधिक वेळ देतात आणि रुग्णही अधिक समाधानी असतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. यातील बहुसंख्य चाचण्या धनिक देशांतील आहेत हे लक्षात ठेवले पाहिजे. युरोपातील नऊ देशांमधील ३०० रुग्णालयांच्या पाहणीवर आधारलेला आणि २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तर अधिकच बोलका आहे. शस्त्रक्रिया झालेल्या चार लाखांहून अधिक रुग्णांची नोंद त्यात तपासली गेली. एका परिचारिकेवर एक रुग्ण अधिक सोपविला की रुग्ण दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, आणि पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढले की ती तेवढीच घटते, असे त्यात आढळले. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण वॉर्डात शिक्षण-रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावयास हवी. आपल्याकडील सार्वजनिक रुग्णालयाच्या कोणत्याही वॉर्डात रात्री दहा वाजता जाऊन खाटा आणि परिचारिका मोजाव्यात.

महाराष्ट्रातील अनुभवही येथे उपयोगी आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात अर्भकांची तपासणी आणि जंतुसंसर्गावर इंजेक्शन देणे शिकविले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, नवजात मृत्यूंचे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचे दिसले. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून उभ्या केलेल्या कामातही अल्पशिक्षित, बहुधा दलित आणि गरीब, स्त्रियांनीच गावाच्या आरोग्याचा भार उचलला. चार वर्षे परिचर्येचे शिक्षण घेतलेल्या पदवीधर स्त्रीला जे करू द्यावयास आपली व्यवस्था तयार नाही, ते या स्त्रिया पन्नास वर्षांपूर्वीपासून करीत आल्या आहेत.

तरीही एक सावधगिरी आवश्यक आहे. छत्तीसगडमध्ये २००१ साली ग्रामीण वैद्यकीय साहाय्यक तयार करण्यासाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढण्यात आला आणि काही वर्षांतच, वैद्यकीय व्यवसायाच्या विरोधामुळे व इतर कारणांनी, तो बंद पडला. पुढे या साहाय्यकांच्या कामाची शास्त्रीय तपासणी झाली, तेव्हा प्राथमिक उपचारांत ते एम. बी. बी. एस. डॉक्टरांच्या तोडीचे ठरले. त्याच तपासणीत, वेगळे शिक्षण न देता एकट्याने केंद्र चालविण्याची वेळ आलेल्या परिचारिका आणि इतर कर्मचारी मात्र बरेच मागे पडले. याचा अर्थ परिचारिकांना हे काम जमत नाही असा नाही. शिक्षण न देता जबाबदारी लादली तर रुग्ण आणि परिचारिका या दोघांचीही फसवणूक होते, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आपल्या चळवळीत या प्रश्नावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो हलका नाही. श्रीमंतांना तज्ज्ञ डॉक्टर आणि कामगारांना परिचारिका, अशी ही दुय्यम दर्जाची व्यवस्था नव्हे काय? हा वाद नवा नाही. झारशाही रशियात १८६४ नंतर स्थापन झालेल्या झेम्स्त्वो मंडळांनी खेड्यांत फेल्डशर नावाचे अर्धवैद्य नेमले. तेव्हा तेथील पुरोगामी डॉक्टरांनीच, शेतकऱ्याला कमी प्रतीचे वैद्यक कशासाठी, असा प्रश्न करून त्या पद्धतीस विरोध केला. क्रांतीनंतरही आरंभी फेल्डशर हा वर्ग हळूहळू संपवावा असेच मत प्रबळ होते. परंतु अफाट देशाची गरज वेगळी होती. फेल्डशर टिकला, त्याचे शिक्षण वाढविण्यात आले, आणि फेल्डशर व प्रसविका यांची केंद्रे हा सोव्हिएत ग्रामीण आरोग्यव्यवस्थेचा पाया ठरला. क्यूबाने १९८४ पासून एक डॉक्टर आणि एक परिचारिका अशी जोडी वस्तीतच राहावयास पाठविली. तेथे परिचारिका डॉक्टरची बदली नव्हती, जोडीदार होती. आपल्या देशात १९४६ च्या भोर समितीने एकाच दर्जाचा डॉक्टर असावा असे सांगून लायसेन्शिएट डॉक्टरांचे अभ्यासक्रम बंद करण्याची शिफारस केली. समितीतील सहा सदस्यांचे त्याविरुद्ध मत होते. हेतू समतेचा होता. पण डॉक्टर शहरांत राहिले आणि खेडी व कामगार-वस्त्या यांच्या वाट्याला कोणीच आले नाही. त्याच समितीने नोंदविल्याप्रमाणे तेव्हा देशात ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. डॉक्टरांपेक्षा परिचारिका इतक्या कमी असलेला देश परिचर्येकडे कोणत्या दृष्टीने पाहत होता, हे या दोन आकड्यांवरून कळते. आज नोंदणीकृत परिचारिकांची संख्या तीस लाखांवर गेली आहे, परंतु ती दृष्टी तितकीशी बदललेली नाही.

दुय्यम दर्जा हा परिचारिकेच्या पदवीतून येत नाही. पुढे पाठविण्याची सोय नसणे, औषधे नसणे, वर डॉक्टर नसणे यांतून तो येतो. राजाजीनगरसारख्या ठिकाणी, जेथे तज्ज्ञांचे विभाग एकाच आवारात आहेत, तेथे परिचारिकेने चालविलेला दीर्घ आजारांचा बाह्यरुग्ण विभाग कामगाराला डॉक्टरपासून दूर नेणार नाही. ज्याला खरोखर डॉक्टरची गरज आहे त्याला डॉक्टर अधिक वेळ देऊ शकेल. म्हणूनच या प्रयोगाची योग्य जागा विमा रुग्णालये आणि त्यांचे दवाखाने ही आहे.

सरकारने मात्र नेमकी उलटी वाट धरली. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात नर्स प्रॅक्टिशनरांचे स्वतंत्र संवर्ग निर्माण करण्याची भाषा आली. त्याच सुमारास परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला, आणि डिसेंबर २०१८ मध्ये प्रसविकांसाठी दीड वर्षाच्या प्रशिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. प्रसविकांचा निर्णय स्वागतार्ह होता. परंतु सामान्य रुग्णाच्या रोजच्या आजारांसाठी, म्हणजे जेथे गरज सर्वाधिक तेथे, परिपूर्ण शिक्षण घेतलेली नर्स प्रॅक्टिशनर निर्माण करण्याऐवजी २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमण्यात आले. सहा महिन्यांचा अभ्यासक्रम, कंत्राटी नेमणूक, ठरावीक मानधन आणि त्यावर ‘कामगिरी’च्या आकड्यांनुसार प्रोत्साहन-रक्कम, असे त्याचे स्वरूप ठेवले गेले. पद मोठे, जबाबदारी डॉक्टरची, नोकरी मात्र हंगामी. श्रमशक्तीचे कौशल्य वाढवावयाचे आणि तिची किंमत वाढू द्यावयाची नाही, हा भांडवली व्यवस्थेचा जुना डाव येथे आरोग्याच्या क्षेत्रात खेळला गेला.

दुसरीकडे डॉक्टरांच्या संघटनांची भूमिकाही संकुचित राहिली. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातील ३२ व्या कलमाने समुदाय आरोग्य सेवकांना मर्यादित परवाना देण्याची तरतूद केली, तेव्हा ३१ जुलै २०१९ रोजी देशभर डॉक्टरांचा संप झाला. त्या कलमाची भाषा इतकी सैल होती की त्यातून कोणालाही परवाना मिळेल ही भीती निराधार नव्हती. परंतु विरोध फक्त त्या सैल भाषेपुरता नव्हता. २०१४ साली गर्भपात कायद्याच्या दुरुस्तीच्या मसुद्यात प्रशिक्षित परिचारिकांना सुरुवातीच्या काळातील गर्भपातासाठी मान्यता देण्याची सूचना होती. तिलाही व्यावसायिक विरोध झाला, आणि २०२१ मध्ये दुरुस्ती प्रत्यक्ष झाली तेव्हा तिच्यात परिचारिकांचा मागमूस नव्हता. शासकीय रुग्णालयांत सलग छत्तीस तास राबणारा निवासी डॉक्टर आणि रुग्णाच्या फीवर ज्याची मालमत्ता उभी आहे तो रुग्णालय-मालक, या दोघांचे हितसंबंध एक नाहीत. पहिल्याने परिचारिकेचा अधिकार आपल्या विरुद्ध मानण्याचे कारण नाही. त्याला ते समजावून सांगण्याचे काम अवघड असले तरी ते टाळता येणार नाही.

वास्तविक परिचारिका आजही निर्णय घेतातच. रात्री डॉक्टर घरी असतो, दूरध्वनीवर तोंडी सूचना मिळते, औषध परिचारिका देते, आणि केसपेपरवर सही सकाळी होते. सारे सुरळीत पार पडले तर श्रेय डॉक्टरचे. काही अघटित घडले तर चौकशी परिचारिकेची. कायद्याने अधिकार नाकारल्यामुळे ही पद्धत थांबलेली नाही, फक्त परिचारिकेचे संरक्षण नाहीसे झाले आहे. नर्स प्रॅक्टिशनरचा अधिकार मागणे म्हणजे परिचारिकांसाठी काही नवी चैन मागणे नव्हे. जे काम त्या करतातच त्याला कायद्याची मान्यता आणि संरक्षण मागणे, असे त्याचे खरे स्वरूप आहे. १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा कायदा संमत झाला. औषध लिहून देण्याच्या अधिकाराची मर्यादा, प्रमाणित उपचार-पद्धती, आणि त्या पाळल्या असताना परिचारिकेला मिळणारे संरक्षण हे प्रश्न या आयोगापुढे रेटले पाहिजेत.

या मागणीला वेतनाच्या मागणीपासून तोडता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनासाठी समिती नेमण्याचे आदेश दिले. त्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही किमान वीस हजार रुपये आणि दोनशेपेक्षा अधिक खाटांच्या रुग्णालयात शासकीय परिचारिकेइतके वेतन असावे असे सुचविले. केरळात संघटित परिचारिकांनी लढा देऊन एप्रिल २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढून घेतली. एक महिना होतो न होतो तोच, निपाह रुग्णांची शुश्रूषा करताना पेरांब्रा येथील लिनी या परिचारिकेने प्राण गमावले. इतर बहुतेक राज्यांत ती शिफारस धूळ खात पडली. विमा योजनेची वेतनमर्यादा जानेवारी २०१७ मध्ये एकवीस हजार रुपये करण्यात आली, आणि अनेक राज्यांत खासगी वैद्यकीय संस्थाही या योजनेखाली आल्या. ही मर्यादा आणि समितीने सुचविलेले किमान वेतन शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते: खासगी रुग्णालयातील परिचारिका स्वतःच विमाधारक कामगार आहे. ती रांगेच्या पलीकडची नाही, त्याच रांगेतील आहे.

महाराष्ट्रात मे २०२२ मध्ये शासकीय परिचारिकांनी राज्यव्यापी संप केला तो बाह्यस्रोतांमार्फत, म्हणजे साध्या भाषेत ठेकेदारामार्फत, भरती करण्याच्या निर्णयाविरुद्ध. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयापासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत तो पसरला. त्या वेळी काही वृत्तपत्रांनी परिचारिकांना सेवाभावाची आठवण करून दिली. परिचर्येतील सेवाभावाविषयी महाराष्ट्राला कोणी धडे देण्याची गरज नाही. १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने विधवांना आणि परित्यक्तांना परिचर्येच्या शिक्षणाची वाट दाखविली, तीही समाजाने हे काम हलके मानलेले असताना. सेवाभावाच्या नावाने ठेकेदारी खपवून घ्यावी, असे या परंपरेत कोठेही लिहिलेले नाही. आणि ठेकेदाराच्या परिचारिकेला, जिची नेमणूक अकरा महिन्यांनी संपते, नर्स प्रॅक्टिशनरचा अधिकार देता येणार नाही हे उघड आहे. रुग्ण वर्षानुवर्षे सांभाळावयाचा तर परिचारिकाही वर्षानुवर्षे तेथे असली पाहिजे.

रुग्णाची सलग जबाबदारी कोणाच्याही माथी नसली म्हणजे काय होते, याचे एक भीषण उदाहरण राजाजीनगरच्याच रुग्णालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये पाहिले. जुलै २०२० मध्ये कोविडने दगावलेल्या दोन रुग्णांचे मृतदेह पंधरा महिन्यांहून अधिक काळ तेथील शवागारात पडून राहिल्याचे उघडकीस आले. त्या दोन जीवांची शुश्रूषा ज्यांनी केली त्यांच्यावर बोट दाखविण्याचे कारण नाही. महासाथीत परिचारिका संरक्षक पोशाखात सलग पाळ्या करीत होत्या, हे साऱ्या देशाने पाहिले आहे. पण एका माणसाची नोंद एका विभागाकडून दुसऱ्याकडे जाताना मध्येच हरवते आणि कोणालाही त्याचा पत्ता नसतो, ही गोष्ट जिवंत रुग्णांच्या बाबतीत रोज घडत असते. फक्त तिला वास येत नाही म्हणून ती बातमी होत नाही.

विमा रुग्णालयांच्या विकास समित्यांवर आणि महामंडळाच्या प्रादेशिक मंडळांवर कामगारांचे प्रतिनिधी असतात. आजवर या बैठकांत औषधांचा तुटवडा आणि बिलांची थकबाकी हेच विषय प्रामुख्याने येत राहिले, आणि ते महत्त्वाचे आहेतच. त्यांच्या जोडीने परिचारिकांच्या मंजूर आणि भरलेल्या जागा, प्रत्येक पाळीतील त्यांचे खाटांशी प्रमाण, ठेकेदारामार्फत नेमलेल्यांची संख्या, आणि दीर्घ आजारांच्या रुग्णांसाठी प्रशिक्षित परिचारिकांचा स्वतंत्र विभाग सुरू करण्याची तयारी हे विषय कार्यक्रमपत्रिकेवर यावयास हवेत. महामंडळाच्या स्वतःच्या परिचर्या महाविद्यालयांपैकी एक बंगळुरातच, इंदिरानगर येथे आहे. राखीव निधीतून तेथे नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम चालविणे आणि त्यातून बाहेर पडणाऱ्यांना विमा दवाखान्यांत कायम पदे देणे यासाठी नवा पैसा लागणार नाही. तो कामगारांनी केव्हाच भरलेला आहे. बैठकीत आकडे देण्यास टाळाटाळ झाली तर राजाजीनगर, पीण्या आणि यशवंतपूर येथील युनियनांनी ते माहितीच्या अधिकाराखाली मागावेत. कायदा २००५ चा आहे, अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे.